कमानीतला एकही दगड

आमची मोहीम ज्या माणसाने बुडवली त्याच्यावर मी लिहायला बसले आहे. पत्रकं लिहून लिहून हाताला एक वळण पडलेलं असतं. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत शत्रू, मग सभेची जागा आणि वेळ. सरांच्या बाबतीत शत्रू कोण, ते माझं अजून ठरलेलं नाही. म्हणून जसं आठवेल तसं लिहिते.

सर म्हणजे ओसाकात राहणारे, साठी उलटलेले एक मराठी गृहस्थ. अर्धं आयुष्य त्यांनी इंग्लंडातल्या एका मध्ययुगीन मठाचा अभ्यास केला आणि इंग्लंड कधी पाहिलं नाही. पुण्यात ते कॉलेजात इतिहास शिकवायचे. पीएचडीसाठी इंग्लंडला निघाले होते, पण व्हिसा मिळाला नाही. पुढे काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ओसाकातल्या एका संस्थेत प्रथिनांवर संशोधन करायची नोकरी लागली आणि सर बायकोच्या व्हिसावर अवलंबित म्हणून इकडे आले. नवीन असताना सायकलवरून रस्ता चुकले, एका लग्नाच्या हॉलच्या बागेत शिरले, आणि समोर गुलाबांच्या ताटव्यात इंग्लिश मठाची दगडी कमान!

"इंग्लंडने मला आत घेतलं नाही," ते सांगायचे, "तर मठच बोटीत बसून आला. मनात आणलं तर दगडसुद्धा व्हिसा मिळवतात, मीच कमी पडलो."

त्यात चमत्कार काही नव्हता. जपानात पैसा उतू जात होता त्या काळात एका लग्नवाल्या कंपनीने पूर्व इंग्लंडातल्या कुणा जमीनदाराच्या बागेतून ही कमान विकत घेतली, दगडांवर आकडे टाकून जहाजाने आणली आणि इथे उभी केली. इथे ख्रिस्ती नसलेली जोडपीसुद्धा चर्चसारख्या हॉलमध्ये पांढरा झगा घालून लग्न करतात. कमान होती ती फोटोपुरती. नवरानवरी तिच्याखाली उभी राहायची आणि मागे सर दगडाला नाक लावून उभे असायचे. कितीतरी जपानी लग्नांच्या अल्बमांत आमच्या सरांची पाठ असणार.

त्यांची कामाची रीत अजब होती. झिजलेल्या दगडावरची पाथरवटांची खूण डोळ्यांना दिसत नाही. सर पातळ फडक्यात रांगोळी बांधून तिची पुरचुंडी दगडावर हलक्या हाताने थोपटायचे. पीठ खाचेत बसायचं, बाकीचं फुंकरीने उडून जायचं आणि खूण उमटायची. उडालेलं पीठ नवरीच्या झग्यावर बसलं तरी पांढऱ्यावर पांढरं, असा त्यांचा युक्तिवाद होता. हॉलवाल्यांना तो पटायचा नाही. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला सर रांगोळी आणायला सांगायचे. पांढऱ्या पुडीचा खुलासा विमानतळावर करताना एका सॉफ्टवेअरवाल्याला घाम फुटला होता, तो तेव्हापासून सरांच्या घराकडे फिरकला नाही.

खुणांवरून त्यांनी पाथरवटांना नावं दिली होती. तिरक्या फुलीचा सदू. बाणवाला म्हाद्या. आणि सगळ्यांत लाडका गणपा, ज्याची खूण उलट्या त्रिशूळासारखी होती. "गणपाचा हात बघ," ते म्हणायचे, जणू गणपा आत्ताच जेवायला गेला आहे. "कोपरा कुठे फुटलेला नाही. आळशी होता पण. वर, जिथे कुणी बघणार नाही, तिथे काम मारलंय."

मठातल्या धर्मगुरूंना ते 'बुवा' म्हणत. बाराव्या शतकात एका सरदाराने पुतण्याचा खून केला आणि पापाच्या भीतीने पाणथळ जमीन देऊन हा मठ काढला. सरदार हुशार, चांगली जमीन स्वतःकडे ठेवली. बुवा मूठभर, कायम कर्जात, कायम सर्दीने बेजार. बिशप तपासणीला आला की तक्रारींचा पाऊस पडे: छप्पर गळतं, महंतांची शिकारी कुत्री जेवणघरात झोपतात, गरिबांसाठीचा पाव तीच खातात. प्लेग आला, निम्मे गेले. शेवटी राजाने देशातले सगळे मठ बंद केले तेव्हा हाही बंद झाला. छपराचं शिसं उतरवलं, आणि ते वितळवायला जळण म्हणून बुवांचे प्रार्थनेचे लाकडी बाक वापरले. हे सांगताना सरांचा आवाज दर वेळी उतरायचा. "स्वतःच्या बाकांवर स्वतःचं छप्पर वितळलं गं."

"आणि मठाचे आचारी, गुराखी, धोबिणी?" मी विचारलं होतं.

"बुवांना पेन्शन मिळाली. बाकीच्यांची नोंद नाही."

"म्हणजे त्यांना काही मिळालं नाही."

"कशावरून? नोंद नाही, एवढंच आपल्याला माहीत."

हे 'कशावरून' सरांच्या तोंडी चोवीस तास असायचं. हवामान खात्याला कशावरून, डॉक्टरला कशावरून. काकूंनी एकदा सांगितलं, "लग्नाआधी यांना म्हटलं, तुम्ही मला आवडता. तर म्हणाले, कशावरून? मी उठून निघाले होते. बस आली नाही म्हणून हा संसार झाला."

मी त्यांच्या ओळखीत आले ती भांडायला. मी तोक्योत तोयोसुच्या उंच इमारतीत वाढले. बाबा आयटीत, आईने हट्टाने मराठी टिकवलं. शिकायला ओसाकाला आले आणि परत गेले नाही. करी रेस्टॉरंटांचे मालक आपल्याकडच्या आचाऱ्यांचे पासपोर्ट काढून घेतात, त्याविरुद्ध आम्ही काहीजण पत्रकं वाटायचो. त्या भागातली एक भाजीवाली आजी मला ओळखायची. लग्नाचा हॉल बंद पडला, जागा बांधकाम कंपनीने घेतली आणि तिथे टॉवर उभा राहणार असं कळलं, तेव्हा आजी म्हणाली, "पोरी, तू ओरडतेस छान. आमच्यासाठी ओरड."

तो भाग म्हणजे एकमेकांना चिकटलेली लाकडी घरं आणि छत्री उघडता येणार नाही अशा गल्ल्या. मोठा भूकंप झाला तर म्हाताऱ्यांना पळून उभं राहायला मोकळी जागा एकच, हॉलची बाग. टॉवरमध्ये ती जाणार होती. आमच्या हातात एकच कायदेशीर दोर होता: वॉर्डाच्या वारसा समितीने कमानीची नोंद केली असती तर ती जागच्या जागी ठेवावी लागली असती, भोवतालची बाग वाचली असती. आणि कमानीवर जगात एकच तज्ज्ञ होता. त्याला ना पद, ना पदवी.

मी पत्रक घेऊन सरांच्या घरी गेले. मथळा होता: आठशे वर्षांचा मठ वाचवा!

सरांनी लाल पेन उघडलं. "मठ नाही, मठाची कमान. तीही अर्धी, माथ्याचे दगड इथे घडवलेत. आणि आठशे कशावरून?"

"सर, लोक चालता चालता वाचतात. 'अर्ध्या कमानीचा अंदाजे काळ' असं लिहू का?"

"लिही ना. मी थांबून वाचेन."

"तुम्हाला टॉवर थांबवायचाय का नाही?"

काकू आतून म्हणाल्या, "अगं, ते चहासुद्धा पुराव्याशिवाय घेत नाहीत. तू छापून टाक आणि मग दाखव."

पण सर आले. वारसा समितीने त्यांना रीतसर बोलावलं, त्यांची टिपणं मागितली, नोंदीत संशोधक म्हणून त्यांचं नाव घालू असं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हटलं. पहिल्या बैठकीला त्यांनी सूट इस्त्रीला टाकला, मग परत आणून काकूंकडून पुन्हा इस्त्री करून घेतला. काकू मला हळूच म्हणाल्या, "मी इथे इतके पेपर छापले, यांनी माझ्या पार्ट्यांत कोपऱ्यात उभं राहून 'मी मिसेसबरोबर आलोय' म्हणत दिवस काढले. ही नोंद होऊ दे गं बाई." त्या एवढं कधी मागत नसत.

नोंदीचं जवळजवळ ठरलं होतं. मग एका सकाळी भूकंपाचा धक्का बसला, फार मोठा नाही, फडताळातले डबे खाली येतील एवढा. कमानीचा एक सांधा उघडला आणि डाव्या खांबातला एक दगड बोटभर पुढे सरकला. कंपनीने लगेच जाळी लावून 'धोकादायक' असं लिहिलं. समितीने सरांना पाहणी करायला सांगितलं. डोक्यावर पिवळी हेल्मेट चढवून आम्ही दोघं परांचीवर चढलो.

सरांनी फटीत मोबाईल घातला आणि फोटो काढला. दगडाची आतली बाजू आजवर कुणी पाहिलेली नव्हती. ते खूप वेळ फोटो बघत राहिले. मग दुसऱ्या दगडाचा काढला. तिसऱ्याचा. मग जिथे जिथे फट होती तिथल्या सगळ्यांचा.

"काय दिसतंय, सर?"

त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. सपाट दगड, त्यावर एकामागे एक वाकडे ओरखडे, तळ्यात खडा टाकल्यावर तरंग उठतात तसे.

"छान आहे की. नक्षी?"

"करवत. यंत्रावर फिरणारी गोल करवत. बुवांचे पाथरवट हातातल्या कुऱ्हाडीने तासायचे, त्याचे घाव सरळ पडतात."

"मग जपानात कापलं असेल. बसवताना."

"मलाही तसंच वाटावंसं वाटलं. ओरखड्यांवर जुना चुना आहे बघ, आणि त्याच्यावर जपानी सिमेंट. म्हणजे दगड इथे यायच्या आधीच कापलेला." ते परांचीवर खाली बसले. "गावकऱ्यांनी मठाचे दगड गोठ्यांना लावून कधीच संपवले असणार. जमीनदाराला बागेत पडका मठ हवा होता. त्याने नवीन करवून घेतला, वाफेच्या जमान्यात. हौस."

"आणि गणपा?"

त्यांनी बोलायच्या आधी उलट्या त्रिशूळावर तळवा ठेवला. "त्या जमीनदाराच्या पगारावर होता."

मला वाईट वाटलं, पण डोकं चालू होतं. "सर, हे आजच सांगायला पाहिजे असं नाही."

"कधी सांगायचं?"

"नोंद झाल्यावर."

"म्हणजे नोंद खोटी करायची."

"तुम्हीच सांगता ना, शेजारच्या सरदाराने कुरण बळकावलं तेव्हा तुमच्या एका बुवाने खोटी सनद लिहिली, स्वयंपाकघराच्या धुराड्यात टांगून पिवळी केली, आणि कुरण वाचलं! किती कौतुकाने सांगता. साक्षीदार म्हणून घातलेला बिशप तेव्हा जन्मालाही आला नव्हता, यावर हसून हसून तुम्हाला ठसका लागतो. त्या बुवाने केलं ते चाललं. त्याचं कुरण होतं, आमची बाग आहे. आजी भूकंपात कुठे उभी राहणार ते सांगा!"

सरांनी मोबाईल माझ्याकडून परत घेतला. मग म्हणाले, "ती सनद खोटी आहे हे मला इतक्या शतकांनी, इतक्या लांब बसून कळलंच ना."

"कळलं तेव्हा बुवा मरून गेला होता आणि गाई चरून घेतल्या होत्या, सर!"

"हो," ते म्हणाले. "गाई चरल्या, ते खरंय."

मला वाटलं, पटलं. आजही मला वाटतं, मी बरोबर होते. जमिनीचा खेळ खोट्या कागदांवर चालतो. बिल्डर तो रोज खेळतात, मग एकदा आम्ही का नाही?

बैठकीत सर उभे राहिले. त्यांची जपानी पुस्तकी, दरबारी थाटाची. ऐकणाऱ्याला आपण चुकून राजे झालो असं वाटावं. त्यांनी आधी वाकून क्षमा मागितली. मग म्हणाले, "या कमानीतला एकही दगड मठाचा नाही, असं माझं आता मत झालं आहे. इतकी वर्षं मी दगडांचा पुढून अभ्यास केला, मागून केला नाही. चूक सर्वस्वी माझी आहे." आणि फोटो पुढे सरकवले.

मी उठले. म्हटलं, "मग काय झालं? मठाचा नसेल, पाथरवटाचा तर आहे! जमीनदाराची हौस खोटी, कामगाराचा घाम खरा. त्याची नोंद करा. आणि बाग तर खरी आहे ना?" अध्यक्ष अतिशय नम्रपणे म्हणाले की बागेचा विषय दुसऱ्या खात्याकडे येतो. कंपनीचा माणूस सरांपुढे इतका खाली वाकला की त्याचा टाय टेबलाला टेकला.

बाहेर आजी उभी होती. तिला मी सांगितलं. ती सरांकडे बघून मला म्हणाली, "खरं बोलणारे नेहमी लांब राहतात. त्यांच्या दारासमोर टॉवर होत नाही." सरांना ते नीट कळलं. त्यांनी मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी होते, भांडायलाच गेले होते. बेल वाजली. कंपनीचा माणूस दारात, हातात रेशमी कापडात बांधलेला मिठाईचा डबा. इथे आभार मानायला असा डबा घेऊन घरी जातात. "सेन्सेईंच्या सहकार्याबद्दल," तो म्हणाला.

काकूंनी डब्याला हात लावला नाही. "त्यांनी तुम्हाला सहकार्य केलेलं नाही. ते स्वतःची चूक दुरुस्त करत होते. तुम्ही वाटेत उभे होतात." आणि दार लावून घेतलं. मग आत येऊन ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि नळ उगाच चालू ठेवला.

कमान पाडली तेव्हा सर जाळीबाहेर उभे होते. त्यानंतर सायकल काढायचं त्यांनी हळूहळू बंद केलं. त्या दिवाळीला काकूंनी बाल्कनीत मोठी रांगोळी काढली, घरात पाकिटंच्या पाकिटं पडून होती. सर मधूनच म्हणायचे, गणपाचा आता नव्याने शोध घ्यायला हवा, त्या भागातल्या खाणकामगारांची नावं कुठे मिळतील बघायला हवं. पण कागद उघडायचे नाहीत.

एकदा त्यांनी विचारलं, "आजी कशा आहेत?"

"दुकान बंद केलं. मुलीकडे गेल्या, दुसऱ्या गावी."

"माझ्यामुळे ना?"

"कंपनीमुळे," मी म्हटलं. पत्रकात मी तसंच लिहिलं असतं.

"कशावरून?" सर म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. हृदय. इथे दहनानंतर घरच्यांनी लांब काड्यांनी अस्थी वेचायच्या असतात. काकूंनी प्रयोगशाळेत काम करावं तशा स्थिर हाताने त्या वेचल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "रडायचं असेल तर इथे रड. घरी मला जमणार नाही."

टॉवर यंदा पुरा झाला. काकूंना मी बघायला नेलं, म्हणजे त्याच म्हणाल्या, चल. दाराशी चार झाडं, एक बाक आणि पितळी पाटी: या भूमीवर मध्ययुगीन इंग्लिश मठाचे आठशे वर्षांचे अवशेष जतन केलेले होते, त्या शांततेच्या सान्निध्यात राहा. खाली कंपनीचं नाव. तीच कंपनी, तोच माणूस बहुधा, ज्याने बैठकीत टाय टेबलाला टेकवला होता.

माझ्या तोंडातून शिव्या आल्या, मराठीत, मोठ्याने. काकूंनी पाटी दोनदा वाचली. "फोटो काढ," एवढंच म्हणाल्या.

मी पत्रक लिहिलं. काकूंना दाखवलं. 'थोर संशोधक' त्यांनी खोडलं. 'हुतात्मा' खोडलं. 'नफेखोर' मात्र ठेवलं, म्हणाल्या याला पुरावा आहे. उरलं ते असं: इथे जी कमान होती ती मठाची नव्हती. ती एका जमीनदारासाठी मजुरीवर काम करणाऱ्या पाथरवटांनी घडवली. त्यांची नावं माहीत नाहीत. हे ज्याने शोधलं त्याने ते स्वतःचं नुकसान करून या वॉर्डाला सांगितलं, आणि कंपनीला ते ठाऊक आहे.

रविवारी आम्ही दोघी टॉवरच्या दाराशी उभ्या राहिलो. रखवालदार दर थोड्या वेळाने येऊन वाकून विनंती करायचा, काकू त्याच्याहून खाली वाकायच्या आणि तिथेच उभ्या राहायच्या. एक तरुण जोडपं आलं, बाबागाडीत मूल, नवीन राहायला आलेलं दिसत होतं. बाईने पत्रक घेतलं आणि थांबून शेवटपर्यंत वाचलं. मग कागद उलटून मागे काही आहे का ते पाहिलं. मागे कोरं होतं.

"म्हणजे आम्ही काय करावं अशी तुमची मागणी आहे?" तिने विचारलं.

इतकी वर्षं मी पत्रकं लिहिते. मागणीशिवाय एकही लिहिलं नव्हतं. मी काकूंकडे बघितलं. त्या पुढच्या माणसाला पत्रक देत होत्या.

"काही नाही," मी म्हटलं. "खरं आहे, म्हणून आम्ही हे वाटतोय."

तिने कागदाची घडी घातली, बाबागाडीच्या पिशवीत ठेवली आणि आत गेली.